उंबरठ्यावरचे वर्ष : ब्रिटिश विद्यापीठांचे प्रवेशद्वार आणि भारतीय विद्यार्थी

जानेवारी १८९०मध्ये मोहनदास करमचंद गांधी लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेला बसले आणि लॅटिनमध्ये नापास झाले. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक ते १८८७ सालीच उत्तीर्ण झाले होते. इनर टेंपलमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घालूनही वर्ष उलटून गेले होते, आणि त्या अभ्यासक्रमाला लंडनच्या मॅट्रिकची अट नव्हती. तरीही इंग्लंडात आलो आहोत तर तिथली एखादी सर्वसाधारण परीक्षा पदरात असावी, असे त्यांना वाटले. त्यांनी एका खासगी शिकवणी-वर्गात नाव घातले, दोन खोल्यांची जागा सोडून एका खोलीत बिऱ्हाड हलवले, सकाळी ओटची लापशी आणि कोको स्वतः करून घेऊ लागले, आणि जूनमध्ये पुन्हा परीक्षा देऊन उत्तीर्ण झाले. आत्मचरित्रात हा सारा तपशील त्यांनी दिला आहे.

आज पुण्या-मुंबईतला, नाशिक-कोल्हापुरातला बारावी झालेला विद्यार्थी ब्रिटनमधल्या विद्यापीठाकडे अर्ज करतो आणि त्याला उत्तर येते की, थेट पहिल्या वर्षाला प्रवेश मिळणार नाही, आधी वर्षभराचा फाउंडेशन कोर्स करावा लागेल. घरात प्रश्न उभा राहतो : मुलगा कमी पडला का? हे वर्ष म्हणजे वाया गेलेले वर्ष का? आणि एवढे पैसे नेमके कशासाठी? या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात सापडत नाहीत. ती शोधायला सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जावे लागते, कारण उंबरठ्यावरचे हे वर्ष नवे नाही. ते कोणाच्या हाती आहे, एवढे मात्र बदलले आहे.

एका साच्याची दोन मॅट्रिक

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. लंडनचे विद्यापीठ १८३६च्या सनदेने अस्तित्वात आले, आणि त्याचे मुख्य काम परीक्षा घेणे व पदव्या देणे हे होते. शिकवणे हे महाविद्यालयांचे काम. मुंबईनेही तेच केले. एल्फिन्स्टन किंवा पुण्याच्या महाविद्यालयाने शिकवावे, विद्यापीठाने तपासावे. १८५९मध्ये मुंबईची पहिली मॅट्रिक झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते.

नमुना एकच, परीक्षेचे नावही एकच. पण मुंबईची मॅट्रिक लंडनला चालत नसे. लंडनच्या मॅट्रिकला लॅटिन आवश्यक होते, कारण इंग्लंडातल्या ज्या शाळांतून मुले विद्यापीठात येत, तिथे लॅटिन शिकवले जाई. परीक्षेने विद्यार्थ्याची बुद्धी मोजली असे म्हणता येईल, पण त्याआधी तो कोणत्या शाळेतून आला हे मोजले. राजकोटच्या शाळेत शिकलेल्या मुलाला लॅटिन येत नव्हते, यात त्याचा दोष काय? ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये तर प्रवेशासाठी ग्रीकही लागत असे. पहिल्या महायुद्धानंतर तिथे ग्रीकची सक्ती गेली, लॅटिनची मात्र १९६०पर्यंत टिकली.

इथेच एक सूत्र हाती लागते. विद्यापीठाचा उंबरठा यजमान देशाच्या शाळेच्या उंचीप्रमाणे बांधलेला असतो. परक्या शाळेतून आलेल्याला तो कधी उंच वाटतो, कधी नुसताच वेगळ्या जागी असतो. मधली फट भरून काढण्याचा खर्च मात्र प्रत्येक काळात पाहुण्यालाच सोसावा लागला आहे.

शिकवणी-वर्गांचे लंडन

ही फट भरून देणारा धंदा लंडनमध्ये गांधींच्या आधीपासून तेजीत होता. १८५५पासून भारतीय सनदी सेवेसाठी स्पर्धा परीक्षा सुरू झाली. ती लंडनमध्येच होई. भारतातही ती घ्यायला सुरुवात झाली ती १९२२ साली. सत्येंद्रनाथ टागोर आणि मनमोहन घोष १८६२ साली एकत्र इंग्लंडला गेले. टागोर १८६३मध्ये निवडले गेले आणि पुढे मुंबई इलाख्यात नोकरीला आले. घोष यांना यश आले नाही, ते बॅरिस्टर झाले. त्या परीक्षेत संस्कृतला लॅटिन-ग्रीकपेक्षा कमी गुण होते. त्यातच १८७८पासून उमेदवाराचे कमाल वय १९ वर्षांवर आणले गेले. म्हणजे भारतातल्या मुलाने पदवी पुरी होण्याआधीच, शाळकरी वयात, इंग्लंड गाठायला हवे आणि तिथल्या मुलांच्या विषयांत त्यांच्याशी टक्कर द्यायला हवी.

मग शिकवणी-वर्गांना गिऱ्हाइक मिळाले यात नवल नाही. लंडनच्या पॉविस स्क्वेअरमधला वॉल्टर रेन यांचा वर्ग त्या काळी सनदी सेवेच्या उमेदवारांमध्ये प्रसिद्ध होता. इंग्रज मुलेही तिथे जात, भारतीय मुलेही जात. अशा वर्गांना हेटाळणीने घोकंपट्टीचे कारखाने म्हणणारे पुष्कळ होते. पैसे मोजून हुशारी विकत घेता येते का, असा वाद तेव्हाही रंगत असे.

पण या वर्गांची एक बाजू नीट पाहण्यासारखी आहे. वर्ग शिकवी, परीक्षा दुसराच कोणी घेई. गांधींना ज्या खासगी वर्गाने शिकवले, त्या वर्गाला त्यांना उत्तीर्ण करण्याचा अधिकार नव्हता. तो अधिकार लंडन विद्यापीठाचा होता, आणि परीक्षा वर्षातून दोनदा होई. जानेवारीत अपयश आले तर जूनची वाट धरायची, वर्ग आवडला नाही तर दुसरा शोधायचा. उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र त्या वर्गाचे नसे, विद्यापीठाचे असे, म्हणून ते सगळीकडे सारखेच चाले. नापास होण्याची किंमत होती ती सहा महिन्यांची आणि थोड्या शुल्काची. हा मुद्दा लक्षात ठेवू, पुढे त्याची गरज पडणार आहे.

पदवीधर पुन्हा पहिल्या वर्षात

सनदी सेवेची वयोमर्यादा १८९२पासून २३ वर्षांवर गेली, आणि इथली पदवी घेऊन तिकडे जाणाऱ्यांची वाट मोकळी झाली. पण पदवीधर झाला म्हणून उंबरठा चुकला असे नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन, सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले. तिथे ते पुन्हा पदवीच्याच वर्गात बसले. १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते सीनियर रँग्लर झाले, महाराष्ट्रात त्यांचे कौतुक झाले, आणि आजही 'रँग्लर परांजपे' हेच नाव रूढ आहे. त्या कौतुकात एक गोष्ट झाकली गेली. मुंबईचा उत्तम पदवीधर केंब्रिजच्या हिशेबी नवा विद्यार्थी होता. ब्रिटनमध्ये पीएच.डी.ची पदवी १९१७नंतर रुळली. त्याआधी परांजप्यांसारख्या बुद्धिमंतालाही एकदा झालेली पायरी पुन्हा चढावी लागली.

ही पायरी चढायला पैसा लागे, आणि पैशाचा उंबरठा भाषेच्या उंबरठ्याहून निष्ठुर होता. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या. इलाख्यात त्यांचा क्रमांक वरचा होता, पण इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारली गेली. इंग्लंडातल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली तेव्हा १८८९मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. कायद्याची परीक्षा त्यांनी १८९२ साली दिली, पदवी प्रत्यक्ष हाती पडली १९२२मध्ये, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला १९२०पर्यंत वेळ लावला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण त्याहून बोलके आहे. कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण घेऊन १९१६मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले. प्रवेशाची अडचण आली नाही. पण बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून, साठवलेल्या पैशांत शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडचे कर्ज यांची भर घालून १९२०मध्ये ते पुन्हा गेले आणि एम.एस्सी., डी.एस्सी. व बॅरिस्टरी पुरी करून आले. विलायतेच्या शिक्षणाचा हिशेब पहिल्या वर्षाचा करून भागत नाही, शेवटच्या दिवसापर्यंतचा करावा लागतो, हे या कहाणीतून दिसते.

बारा वर्षे आणि तेरा वर्षे

स्वातंत्र्याच्या आसपास दोन्ही देशांच्या शाळा बदलल्या, आणि आजचा फाउंडेशन कोर्स ज्या फटीतून उगवला ती फट तेव्हा तयार झाली.

इंग्लंडमध्ये १९५१ साली ए-लेव्हल परीक्षा आली. सोळाव्या वर्षानंतर दोन वर्षे बहुधा तीनच विषय, पण खोलात जाऊन. इंग्लंडमधली मुले पाचव्या वर्षी शाळेत जातात आणि तेरावे वर्ष संपवून बाहेर पडतात. विषयाचा पाया शाळेतच घातलेला असल्याने विद्यापीठाची पदवी तीन वर्षांत पुरी होते. स्कॉटलंडची रीत निराळी आहे. तिथली मुले तुलनेने लवकर विद्यापीठात येऊ शकतात आणि ऑनर्सची पदवी चार वर्षांची असते. इंग्लंडमधली मुले जे शाळेच्या शेवटच्या वर्षात करतात, त्यातले बरेचसे तिथे विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात होते.

भारतातही विद्यापीठाची सुरुवात कुठे व्हावी यावर खल चालला होता. कलकत्ता विद्यापीठासाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने १९१९मध्ये सांगितले की, शाळा आणि विद्यापीठ यांची सीमा मॅट्रिकऐवजी इंटरमीजिएटवर असावी. हा विचार प्रत्यक्षात यायला अर्धे शतक लागले. कोठारी आयोगानंतर (१९६४–६६) देशाने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारला, आणि १९७०च्या दशकात महाराष्ट्रात अकरावीची जुनी एस.एस.सी. जाऊन दहावी-बारावी आली. जुन्या पिढीतल्या अनेकांना 'प्री-डिग्री' आणि 'इंटर' हे शब्द आठवत असतील. ती वर्षे म्हणजे आपल्याच विद्यापीठांच्या उंबरठ्यावरची वर्षे होती.

आता हिशेब मांडला तर आपला विद्यार्थी बारा वर्षे शिकून, भाषांसह पाच-सहा विषय घेऊन बाहेर पडतो, आणि इंग्लंडचा तेरा वर्षे शिकून, तीन विषय घेऊन. एकाचा अभ्यास रुंद, दुसऱ्याचा अरुंद पण खोल. फाउंडेशनचे वर्ष मूलतः हे तेरावे वर्ष आहे. ते मागितले गेले म्हणजे मुलगा कच्चा ठरला, असा अर्थ काढण्याचे कारण नाही.

मात्र प्रत्येकाकडून ते मागितले जातेच असेही नाही. ब्रिटनमधली अनेक विद्यापीठे बारावीच्या चांगल्या गुणांवर थेट प्रवेश देतात. कुठे सी.बी.एस.ई. आणि आय.एस.सी.ला एक कसोटी, राज्य मंडळांना दुसरी, असाही भेद असतो. म्हणून फट खरोखर आहे की कोणी आपल्याला ती दाखवते आहे, हे आधी तपासायला हवे.

शुल्क आणि धंदा

बराच काळ ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याला स्थानिक विद्यार्थ्याएवढेच शुल्क पडे. १९६७मध्ये सरकारने प्रथम फरक केला : स्थानिकांना ७० पौंड, परदेशीयांना २५०. पुढे मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८०पासून नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाचा पूर्ण खर्च वसूल करण्याचे धोरण आणले. राष्ट्रकुलात नाराजी पसरली. परदेशी विद्यार्थी विद्यापीठावरचा भार होता, तो आता विद्यापीठाचे उत्पन्न झाला.

उत्पन्न वाढवायचे तर उंबरठ्याशी अडकलेल्यांना आत घेण्याची सोय हवी. १९८७मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या विद्यापीठांनी मिळून नॉर्दर्न कन्सॉर्टियम स्थापन केले, प्रारंभी मलेशियातल्या विद्यार्थ्यांसाठी. विद्यार्थ्याने पूर्वतयारी करावी आणि गटातल्या विद्यापीठांपैकी एखाद्यात जावे, अशी कल्पना. काही विद्यापीठांनी स्वतःचे फाउंडेशन अभ्यासक्रम काढले. २००५च्या सुमारास आणखी एक प्रकार फोफावला. खासगी कंपन्यांनी विद्यापीठांशी करार केले, आवारातच वर्ग उघडले, आणि विद्यार्थी मिळवणे, शिकवणे, तपासणे ही कामे बऱ्याच अंशी त्यांच्याकडे गेली.

पॉविस स्क्वेअरचा शिकवणी-वर्ग आणि आजचे हे केंद्र यांत मोठा फरक आहे तो इथे. तेव्हा शिकवणारा आणि दार उघडणारा वेगळे होते. आज बहुतेक ठिकाणी शिकवणारी संस्थाच प्रश्नपत्रिका काढते, गुण देते आणि ठरावीक विद्यापीठाचे दार उघडते. विद्यार्थ्याला यात सोय आहे, कारण एकच परीक्षा घातक ठरत नाही आणि शिक्षक ओळखीचे असतात. पण प्रमाणपत्राचे चलन आखडले. ए-लेव्हल कुठल्याही विद्यापीठात दाखवता येते. एका केंद्राचे फाउंडेशन प्रमाणपत्र दुसऱ्या विद्यापीठात चालेलच असे नाही.

जुना संशयही परत आला. जानेवारी २०२४मध्ये 'संडे टाइम्स'ने असा आरोप केला की, परदेशी विद्यार्थ्यांना या मार्गाने कमी गुणांवर नामवंत विद्यापीठांत घेतले जाते. विद्यापीठांनी आक्षेप घेतला की, फाउंडेशनच्या प्रवेशाचे गुण आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचे गुण यांची तुलनाच चुकीची आहे. घोकंपट्टीच्या कारखान्यांवरचा जुना वाद ज्यांनी वाचला आहे, त्यांना यातला सूर ओळखीचा वाटेल.

निवडताना काय पाहावे

इतिहासाचा हा धागा हाती असला की निवडीचे प्रश्न आपोआप सुचतात.

पहिला प्रश्न, हे वर्ष टाळता येते का? हव्या त्या विषयाच्या पानावर महाराष्ट्र मंडळाच्या बारावीची अट काय लिहिली आहे ते पाहावे, आणि शंका असल्यास प्रवेश कार्यालयाला थेट विचारावे. स्कॉटलंडची चार वर्षांची पदवी तपासावी. इथल्या पदवीचे पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पुरे करून तिकडे पहिल्या वर्षाला अर्ज करणे हाही काही विद्यापीठांना मान्य असलेला मार्ग आहे, आणि तो पुष्कळ स्वस्त पडतो.

दुसरा, कोणते फाउंडेशन? एकाच शब्दाखाली दोन गोष्टी विकल्या जातात. एकीत ते वर्ष चार वर्षांच्या पदवीचाच भाग असते, प्रवेश सुरुवातीलाच पदवीला मिळतो. दुसरीत तो स्वतंत्र अभ्यासक्रम असतो आणि पदवीचा प्रवेश पुढे ठरतो. पहिल्या प्रकारात इंग्लंडच्या स्थानिक विद्यार्थ्यांसाठी वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांना २०२५-२६पासून ५,७६० पौंडांची कमाल मर्यादा आहे. परदेशी विद्यार्थ्याच्या शुल्काला अशी मर्यादा नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, प्रमाणपत्र कुठे चालते? उत्तीर्ण होण्याचे गुण आणि पदवीला प्रवेश मिळण्याचे गुण वेगळे असतात. जाहिरातीत 'खात्रीचा प्रवेश' असे लिहिलेले असले तरी त्यासमोर गुणांची अट असतेच. हव्या त्या विषयाला किती गुण लागतात, ते कमी पडले तर कोणते विषय उरतात, त्या विद्यापीठाखेरीज आणखी कोणती विद्यापीठे हे प्रमाणपत्र मानतात, हे लेखी मागावे. वैद्यकीय शिक्षणाच्या बहुतेक जागांना आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजला अशी बरीच प्रमाणपत्रे चालत नाहीत.

चौथा, व्हिसा. फाउंडेशन पदवीखालच्या पातळीचे असल्याने सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त १० तासच काम करता येते, आणि काही खासगी संस्थांत तेही नाही. पदवीच्या विद्यार्थ्याला २० तास मिळतात. नोकरी करून खर्च भागवू, हा हिशेब पहिल्या वर्षी तरी बसत नाही. फाउंडेशननंतर नवा व्हिसा लागणार का, आणि नापास झाल्यास काय, हेही आधीच विचारावे. गांधींना जूनपर्यंत एका खोलीत राहून पुन्हा परीक्षा देता आली. आजच्या विद्यार्थ्याचा मुक्काम संस्थेच्या पुरस्कारावर अवलंबून असतो.

पाचवा, सल्ला देणारा कोण? अनेक सल्लागार विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाहीत, कारण प्रवेश झाला की संस्था त्यांना कमिशन देते. त्यात गैर काही नाही, पण विनामूल्य सल्ल्यात थेट प्रवेशाची किंवा इथल्या पहिल्या वर्षाची वाट का सुचवली गेली नाही, एवढे विचारायला हरकत नसावी.

हे पाच प्रश्न विचारूनही फाउंडेशनच योग्य ठरेल, असे विद्यार्थी पुष्कळ आहेत. ज्याला विषय बदलायचा आहे, ज्याला निबंध लिहिण्याची आणि वर्गात मत मांडण्याची तिकडची रीत अंगवळणी पाडायची आहे, ज्याची बारावी मराठी माध्यमातून झाली आहे, त्याला हे वर्ष खरोखर उपयोगी पडते. ज्या लॅटिनने गांधींना जानेवारीत नापास केले, तेच लॅटिन पुढे रोमन कायदा मुळातून वाचताना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रोमन-डच कायद्याशी गाठ पडली तेव्हा कामी आले, असे त्यांनीच नोंदवले आहे. उंबरठ्यावर जे शिकावे लागते ते निरर्थकच असते असे नाही.

घरातल्या बैठकीत हा विषय निघेल तेव्हा तीन वर्षांचा नव्हे, चार वर्षांचा खर्च कागदावर लिहावा. त्याखाली फाउंडेशनचे प्रमाणपत्र मानणाऱ्या विद्यापीठांची नावे लिहावीत. यादीत एकच नाव असेल, तर ते नाव मुलाला खरोखर हवे आहे का, हे कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी त्याला विचारावे.